म्हातारीची परीक्षा

(पनवेल इथे ज्येष्ठ स्त्रियांच्या प्रश्नांवर झालेल्या एक दिवसाच्या शिबिरातलं हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून शब्दांकन केलं आहे.)



सकाळपासून आपण पेन्शन, रेशनकार्ड, गुडघेदुखी आणि सुनांशी जमणं-न जमणं यांवर बोललो. माझ्या वाट्याला आलेला विषय जरा वेगळा आहे. वय वाढतं तसं स्मरणाच्या परीक्षेत काय होतं? ऐकताना वाटेल, हा डॉक्टरांचा विषय, बायकांच्या गटांनी त्यात काय बोलायचं? मीही डॉक्टर नाही, समाजकार्यकर्ती आहे. पण पनवेल-उरणच्या गावांतून आणि इकडे खांदा कॉलनी, कळंबोलीच्या बिल्डिंगांतून आमच्याकडे ज्या वयस्क बायका येतात, त्यांच्याबद्दल दोन वाक्यं मी पुन्हापुन्हा ऐकते. पहिलं, "तिला काय विचारता, तिला काही आठवत नाही." दुसरं, "वय झालं, विसरणारच की!"

पहिलं वाक्य येतं तेव्हा बहुधा घरात जमिनीचा, खोलीचा किंवा बँकेतल्या पैशांचा विषय निघालेला असतो. दुसरं येतं तेव्हा तिला डॉक्टरकडे न्यायची वेळ झालेली असते. पहिल्या वाक्याने तिचा हक्क जातो, दुसऱ्याने तिचा उपचार राहतो. आणि पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल, एकाच घरात बोलली जातात.

अलीकडे या वाक्यांच्या जोडीला एक कागद आलेला असतो. स्मरणाच्या टेस्टचा कागद. त्यावर लिहिलेलं असतं, तीसपैकी सतरा, तीसपैकी एकोणीस. हा आकडा एकदा लिहिला गेला, की घरातलं कोणी त्याच्याशी वाद घालत नाही. म्हणून आज आपण हा आकडा उकलून बघू या.

वयाने नेमकं काय होतं?

आधी हे मान्य करू, की वयाने फरक पडतो. "छे, माझं काही विसरत नाही" असं म्हणून उपयोग नाही. पण फरक कशात पडतो ते समजून घ्यायला हवं, कारण स्मरण म्हणजे काही एकच डबा नव्हे.

एकदाच ऐकलेली नवी गोष्ट थोड्या वेळाने, कुणीही खूण न देता, आपली आपण सांगायची, हे वयानुसार अवघड होत जातं. माणसांची नावं पटकन ओठांवर येत नाहीत. दोन कामं एकाच वेळी करताना एक निसटतं. आणि सगळ्यांत ठळक म्हणजे वेग कमी होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी १९९६ साली मांडलं, की वाढत्या वयात परीक्षांमधले गुण कमी होतात त्यातला बराच भाग या मंदावलेल्या वेगाचा असतो. उत्तर असतं, पण यायला वेळ लागतो. घड्याळ लावून विचारलं, की तेच उत्तर "आलं नाही" म्हणून लिहिलं जातं.

दुसरीकडे, शब्दांचे अर्थ, जगताना मिळवलेलं ज्ञान, हाताचं कसब या गोष्टी फार उशिरापर्यंत टिकतात. शब्दसंपत्ती तर साठीपर्यंत वाढतही राहते.

एक जुना प्रयोग सांगते. शोनफिल्ड आणि रॉबर्टसन या दोघा संशोधकांनी तो १९६६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांना २४ शब्दांची यादी दाखवली. मग सांगितलं, आठवतील तेवढे शब्द सांगा. विशीतल्या माणसांना सरासरी चौदाच्या आसपास शब्द आठवले, साठीपुढच्यांना साडेसात. म्हणजे जवळपास निम्मे. मग पद्धत बदलली. पुष्कळ शब्द समोर ठेवले आणि विचारलं, यातला यादीत कोणता होता तो ओळखा. आता तरुणांनी सुमारे वीस ओळखले आणि म्हाताऱ्यांनीही सुमारे वीसच. पुढच्या अभ्यासांत ओळखण्यातही थोडा फरक दिसला आहे, पण आपण होऊन आठवण्यातला फरक त्याहून मोठा, ही गोष्ट कायम राहिली.

याचा अर्थ काय? शब्द आत शिरला होता, साठवलेलाही होता. तो विनाखूण बाहेर काढणं जड गेलं. आपल्याला हे रोजचं आहे. "अगं ती, ती नाही का, स्टेशनजवळची" असं आपण म्हणतो, आणि कुणी "शेवंताची जाऊ?" म्हटलं, की लगेच "हां, तीच!" म्हणतो. खूण मिळाल्यावर आठवणं आणि खूण मिळूनही न आठवणं यांत मोठं अंतर आहे. चांगला तपासणारा हे दोन्ही करून बघतो. घाईतला तपासणारा पहिलंच विचारतो आणि थांबतो.

आणखी एक गंमत. प्रयोगशाळेत "अमुक वेळाने अमुक करा" असं सांगितलं, तर तरुण माणसं पुढे असतात. पण तेच काम घरी, रोजच्या जगण्यात करायला दिलं, तर म्हातारी माणसं तरुणांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याहून चोख करतात, असं अभ्यासकांना दिसलं आहे. नवऱ्याची दुपारची गोळी, नातवाची शाळेची बस, पाणी यायची वेळ हे सगळं घरातल्या ज्या बाईच्या डोक्यावर चालतं, तिला हे कुणी सांगायला नको.

शाळेचे मार्क आणि स्मरणाचे मार्क

आता तो तीस मार्कांचा कागद घेऊ. जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली टेस्ट म्हणजे मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन. ती अमेरिकेत १९७५ साली तयार झाली. तिच्यात तारीख, वार, महिना, साल, ठिकाण विचारतात, त्याला १० गुण. तीन शब्द ऐकून लगेच म्हणायचे, ३ गुण. शंभरातून सात, पुन्हा सात असं पाच वेळा वजा करायचं, ५ गुण. मघाचे तीन शब्द पुन्हा आठवायचे, ३ गुण. मग वस्तूंची नावं सांगणं, वाक्य जसंच्या तसं म्हणणं, सांगितलेली कृती करणं, लिहिलेलं वाचून तसं करणं, एक वाक्य लिहिणं, आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढणं. एकूण ३०. साधारणपणे २३ किंवा त्याखाली गुण पडले, की शंका घेतात.

जरा हिशोब करा. आपण जिला "स्मरणाची टेस्ट" म्हणतो, तिच्यात मघाची गोष्ट आठवून सांगण्याला तीसपैकी फक्त तीन गुण आहेत. वजाबाकी, वाचन, लेखन आणि चित्र मिळून आठ गुण आहेत. हे आठ गुण कुठे मिळतात? शाळेत.

अमेरिकेतच १९९३ साली अठरा हजारांहून जास्त प्रौढ माणसांचे या टेस्टमधले गुण प्रसिद्ध झाले. अठरा ते चोवीस वयाच्या मधल्या माणसाला २९ गुण होते आणि ऐंशीच्या पुढच्या मधल्या माणसाला २५. फरक चार गुणांचा. आता शाळेप्रमाणे बघू. नऊ किंवा अधिक वर्षं शाळा शिकलेल्यांत मधल्या माणसाला २९ गुण. पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांत २६. चार वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्यांत २२. फरक सात गुणांचा. म्हणजे साठ वर्षांच्या वयाने जेवढे गुण कमी होतात, त्याहून जास्त गुण शाळा न मिळाल्याने कमी होतात. आणि चार इयत्तांच्या आतला अगदी निरोगी, सर्वसाधारण माणूससुद्धा २३ च्या खाली जाऊन बसतो.

आता आपल्याकडे या. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी नऊ जणींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. १९६१ मध्ये हा आकडा पंधराच्या आसपास होता. आज पंचाहत्तरीत असलेली बाई तेव्हा शाळेत जायच्या वयाची होती. ती मिठागरावर होती, भाताच्या खाचरात होती, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन होती. आज तिच्या हातात पेन्सिल देऊन पंचकोन काढायला सांगतात आणि आलेल्या आकड्यावरून तिचं डोकं ठरवतात.

यात आणखी एक मेख आहे. सत्तरीच्या बाईचे गुण तिशीच्या बाईशी ताडून बघितले, की वाटतं वयाने एवढं सगळं गेलं. पण त्या दोघी वेगळ्या पिढ्यांत वाढल्या. वॉर्नर शाई या अभ्यासकांनी अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे १९५६ पासून त्याच त्याच माणसांची दर सात वर्षांनी तपासणी केली. तेव्हा दिसलं, की पिढ्या एकमेकींशी ताडून वय जेवढं घातक वाटतं, तेवढं ते एकेका माणसाच्या आयुष्यात नसतं. पिढीपिढीतल्या शिक्षणाचा आणि आरोग्याचा फरक आपण वयाच्या नावावर खपवत असतो.

बाईपणाचंही तसंच. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक अभ्यासांत शब्द लक्षात ठेवण्याच्या परीक्षेत बायका पुरुषांच्या थोड्या पुढेच असतात. आपल्याकडे कर्नाटक, केरळ, पंजाब आणि राजस्थानातल्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१४ साली आला. त्यात म्हाताऱ्या बायकांचे गुण पुरुषांपेक्षा कमी होते आणि हा फरक उत्तरेकडच्या राज्यांत जास्त होता. बाईचा मेंदू राज्यागणिक बदलत नाही. बदलतं ते मुलीला काय मिळालं हे.

हे ओळखून आपल्याच देशात चांगलं काम झालेलं आहे. हरियाणातल्या बल्लभगढ भागात, शाळेत न गेलेल्या खेडुतांसाठी मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच परीक्षा नव्याने बांधली. १९९५ साली ती हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात सातच्या वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात. "डोळे मिटा" हे वाचायला देण्याऐवजी, "माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा" असं म्हणून डोळे मिटून दाखवतात. वाक्य लिहायला लावण्याऐवजी तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा, असं म्हणतात. म्हणजे परीक्षा न्यायाने घेता येते. घेणाऱ्याच्या मनात ते असायला हवं.

सतरा गुणांची गोष्ट

आमच्याकडे आलेली एक बाई सांगते. नाव-गाव सांगणार नाही. खाडीकाठच्या गावातली, पंचाहत्तरीची, शाळेचं तोंड न पाहिलेली. माहेरच्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडात तिचं नाव लागलेलं. भाच्यांना तिच्याकडून हक्कसोड हवी होती. तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी भाचे एका खाजगी दवाखान्यातून कागद घेऊन आले, तीसपैकी सतरा. "आत्याचं डोकं चालत नाही, तिच्या नाही म्हणण्याला काय अर्थ?"

आम्ही तो कागद मागून घेतला आणि गेलेले तेरा गुण कुठे गेले ते एकेक बघितलं. वजाबाकीचे पाच. वाचन, लेखन, चित्र यांचे तीन. झाले आठ. तारीख, महिना, साल यांचे तीन. जिल्ह्याचा एक. आणि आठवून सांगायच्या तीन शब्दांपैकी एक शब्द तिला आला नव्हता, त्याचा एक. तेरापैकी खरं विसरणं म्हणावं असं ते एवढंच, एक शब्द.

तारखेबद्दल तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाय, मी तिथ सांगितली, ती त्यांनी लिवली नाय." तिने अष्टमी सांगितली होती. खाडीवर जन्म काढलेल्या बाईला तिथी ठाऊक असावीच लागते, अष्टमीच्या सुमाराला पाण्याला भांग असतो, अमावास्या-पुनवेला उधाण असतं. कॅलेंडर पाहिलं, तर त्या दिवशी खरोखरच अष्टमी होती. जिल्हा विचारल्यावर ती "कुलाबा" म्हणाली होती. ती जन्मली, लग्न होऊन आली, तेव्हा हा कुलाबा जिल्हाच होता. रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. अशा उत्तराला लगेच चूक म्हणण्याआधी, "आता त्याला काय म्हणतात?" एवढा एक प्रश्न पुढे विचारायचा असतो. आम्ही विचारला. तिने सांगितलं.

दुसरीकडे रीतसर तपासणी झाली, शाळा नसलेल्या माणसाला लावायच्या पद्धतीने. काही दोष निघाला नाही. तिने हक्कसोड दिली नाही आणि कागदावर तिचं नाव अजून आहे. भाच्यांकडे येणं-जाणं मात्र तुटलं. गणपतीला माहेरी जाता येत नाही, याचं तिला अजून वाईट वाटतं. ही किंमत टेस्टच्या कागदावर कुठे दिसत नाही.

ठिकाण विचारतानाही आपल्या भागात हा घोळ होतोच. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी जी गावं उठली, तिथल्या म्हाताऱ्या बायकांना "तुमचं गाव कुठलं, कुठे आहे?" असं विचारलं, तर त्या जुनी जागा सांगतील की नवी? दोन्ही खरी आहेत.

परीक्षेच्या खोलीत आणखी काय काय असतं

शाळेखेरीज आणखीही गोष्टी गुण खातात. ऐकू कमी येणं ही पहिली. जो शब्द ऐकूच आला नाही, तो आठवणार कसा? मोतीबिंदू दुसरी. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनी डोकं जड होतं. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, रक्तातलं सोडियम उतरणं यांनीही विसरायला होतं. वयस्क बाईला लघवीचा जंतुसंसर्ग झाला, तर ती दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागू शकते. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. आणि उदासी. नवरा गेल्यावर, घर सुटल्यावर जी बाई गप्प होते, तिचंही स्मरण मंदावतं. तिला कशात रस नसतो, म्हणून "ठाऊक नाही, ठाऊक नाही" अशी उत्तरं ती देत जाते.

मग भीती. "आता आम्ही तुमची स्मरणशक्ती तपासणार" असं म्हटलं, की म्हातारं माणूस आधीच हरतं. हे मी मनाने सांगत नाही. २००१ साली अमेरिकेत लिन हॅशर आणि सहकाऱ्यांनी एकच काम दोन तऱ्हांनी करून घेतलं. एका गटाला "ही स्मरणाची परीक्षा आहे" असं ठसवून सांगितलं, तिथे म्हातारे मागे पडले. दुसऱ्या गटाला सांगताना "स्मरण" हा शब्द बाजूला ठेवला, तिथे म्हातारे आणि तरुण यांच्यात फरक दिसला नाही. वेळेचंही तसंच. हॅशर यांच्याच १९९३ च्या एका अभ्यासात म्हाताऱ्या माणसांचं स्मरण सकाळी चांगलं चालतं आणि संध्याकाळी ढासळतं, असं दिसलं होतं. आपल्याकडे तर पहाटे उठून, एसटी धरून, नंबर लावून, दुपारी उपाशीपोटी म्हातारीची पाळी येते. बाजूला मुलगा घड्याळ बघत उभा असतो आणि "आई, सांग ना पटकन, एवढंही येत नाही?" म्हणत असतो.

पण आजार खराच असतो

इथवर ऐकून कुणाला वाटेल, टेस्ट म्हणजे थोतांड. तसं अजिबात नाही. स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, तो खरा आजार आहे आणि आपल्या बायकांत तो कमी नाही. देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारलेले आकडे २०२३ साली आले. साठीपुढच्या शंभर माणसांपैकी सातांहून जास्त, म्हणजे ७.४ टक्के लोकांना हा आजार असावा, असा त्यांचा अंदाज आहे. देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांत ५.८ टक्के, स्त्रियांत ९ टक्के. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त.

"वय झालं" या वाक्याचा बळी ठरलेली बाईही मी पाहिली आहे. ती धवलारीण होती. आपल्या आगरी लग्नांत धवले म्हणून सगळे विधी पार पाडणारी. शेकडो ओळी मुखोद्गत. तिची सून सांगत होती, सासूबाई देवळातून घरी येताना वाट चुकतात, चुलीवर भांडं ठेवून विसरतात, तीच गोष्ट तासाभरात पाच वेळा विचारतात. घरातले म्हणायचे, "एवढे धवले पाठ म्हणते, तिला काय झालंय?" दोन वर्षं गेली. मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला होता. धवले ती तेव्हाही म्हणत होती.

हे नीट समजून घ्या. पन्नास वर्षं घोटलेलं गाणं हे एक स्मरण आहे आणि आज सकाळी काय खाल्लं हे दुसरं. पहिलं शाबूत असलं, म्हणून दुसरं शाबूत आहे असं नाही. न शिकलेल्या बायकांच्या स्मरणाचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या बायकांच्या स्मरणातूनच आल्या. पण त्या अभिमानापायी आजाराकडे दुर्लक्ष व्हायला नको.

मग फरक कसा ओळखायचा? चष्मा कुठे ठेवला ते विसरणं हे वयाचं. चष्मा कशासाठी असतो हे न कळणं हे आजाराचं. नाव उशिरा आठवणं वयाचं. खूण देऊनही न आठवणं, ओळखीच्या रस्त्यावर हरवणं, नेहमीचा स्वयंपाक चुकणं, पैशांचा नेहमीचा व्यवहार न जमणं आणि हे सहा महिने, वर्षभर वाढत जाणं, ही तपासणीला नेण्याची चिन्हं. एका दिवसाच्या गुणांपेक्षा, ती स्वतः गेल्या वर्षी काय करत होती आणि आज काय करू शकत नाही, याला जास्त महत्त्व आहे.

आणि त्या सुनेबद्दलही बोलू या. सासूची वाट चुकते हे पहिल्यांदा तिनेच ओळखलं. रात्री तिच्यामागे उठणं, तिला आंघोळ घालणं हेही तीच करते. तिचं म्हणणं दोन वर्षं कुणी ऐकलं नाही, कारण "सून सासूबद्दल असंच बोलणार." आपण सासू-सुनेत बाजू निवडायला बसलेलो नाही. दोघींचंही ऐकून घेतलं गेलं नाही, हा आपला प्रश्न आहे.

सही आणि स्मरण

आता कायद्याबद्दल थोडं. सही हवी असते तेव्हा म्हातारीला कुणी तारीख विचारत नाही, अंगठा शाईत बुडवतात. ती सही नाकारते, तेव्हा तिचं स्मरण आठवतं. म्हणून हे माहीत असू द्या.

करार करणारा माणूस सही करताना तो व्यवहार समजू शकत असेल आणि आपल्या हिताचं काय, याचा विचार करू शकत असेल, तर तो कायद्याने सक्षम आहे, असं १८७२ चा करार कायदा सांगतो. त्यात तीस मार्कांचा कुठे उल्लेख नाही. मृत्युपत्राबद्दल १९२५ चा वारसा कायदा तर म्हणतो, की एरवी भ्रमिष्ट असलेल्या माणसालाही शुद्धीवर असण्याच्या काळात मृत्युपत्र करता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणाचे गंभीर विकारही येतात. पण आजार आहे एवढ्यावरून माणूस असमंजस ठरत नाही, ते ठरवायचं काम सक्षम न्यायालयाचं, असं तोच कायदा सांगतो. तेव्हा भाच्याने आणलेल्या कागदावर कुणाचा हक्क संपत नाही.

आणि कुणी आपण होऊन मुलाच्या नावावर घर करणार असेल, तर बक्षीसपत्रात "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, ती अट मोडली तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं.

आपण काय करायचं

टेस्टला नेताना तिच्याबरोबर एक जण गटातली जा. शक्यतो सकाळची वेळ मागा. चष्मा, कानाचं यंत्र, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या, काही खाऊन निघा. डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, शाळा किती झाली आणि घरात कुठली भाषा बोलतात. आगरी, कातकरी, ठाकरी बोलणाऱ्या बाईला पुस्तकी मराठीतला प्रश्न चटकन कळेलच असं नाही. शाळा न झालेल्या माणसासाठीची टेस्ट घ्या, असं नम्रपणे पण स्पष्ट म्हणा. रक्त, थायरॉइड, बी-१२, कान यांची तपासणी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका म्हणा. घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवायची विनंती करा. कागदाची प्रत तिच्या हातात मागा आणि एकूण आकडा न बघता गुण कुठे गेले ते बघा. आणि एक प्रश्न स्वतःशी विचारा : ही टेस्ट कुणाला हवी आहे, आणि आत्ताच का?

निवारा, छळ, पेन्शन याबद्दल सल्ला हवा असेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे. तिचा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा.

शेवटचा मुद्दा आपल्यातल्या तरुण कार्यकर्त्यांसाठी. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली. ती सगळी हाताळली, तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा आजार लांबेल, असा अंदाज आहे. कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा ही सगळी त्यात आहेत. लहानपणचं अपुरं शिक्षणही त्यात आहे. तेव्हा या जूनमध्ये आपल्या वस्तीतली जी मुलगी सातवीनंतर घरी बसेल, तिच्याकडे जाऊन बसणं हे म्हातारपणाच्या प्रश्नावरचंच काम आहे.

आता चहानंतर दोन वह्या फिरतील. एकीत, ज्यांना दवाखान्यात सोबत म्हणून जाता येईल त्यांनी नाव, गाव आणि मोकळा वार लिहायचा. दुसरीत, ज्यांना तपासणीला जायचं आहे त्यांनी. लिहिता येत नसेल, तर शेजारणीला सांगा, ती लिहील.